कोरड्या नदीतून कपारवाडी

सोमवार, १९ फेब्रुवारी १९७३

साळूबाई गेली. एकवीस वर्षांची, पहिलटकरीण, आठवा महिना.

कपारवाडी नदीच्या घळीत आहे. वर यायला कड्याची एकच पायवाट. सकाळी नऊला तिला झोळीत घालून निघाले, चौघांनी खांदे बदलत वर आणली तेव्हा अकरा वाजून गेले होते. वाटेत आकडीचे दोन झटके येऊन गेलेले. तिला कड्यावर झाडाखाली ठेवून तिचा नवरा सहादेव पळत आमच्या आरोग्य केंद्रात आला. "बाई, गाडी द्या." गाडी कुठे होती? आमचे डॉक्टर लोंढे जीप घेऊन नगरला गेले होते. मीटिंगला! मग साडेतीन मैल बैलगाडी. या दुष्काळात बैलांच्या अंगात तरी काय उरलंय? केंद्राच्या दारात तिसरा झटका आला आणि संपलं. नाडी माझ्या हातात होती.

संध्याकाळी पाचला जीप आली. डॉक्टर उतरले तशी मी म्हटलं, "तुमच्या मीटिंगपायी एक बाई मेली." ते जागच्या जागी उभे राहिले. मग बर्फात ठेवलेलं लसीचं खोकं उचलून आत गेले. ड्रायव्हर नूरुद्दीनभाई उगाच बॉनेट उघडून इंजिनात बघत राहिले. भित्री माणसं सगळी.

बुधवार, २१ फेब्रुवारी

डॉक्टरांनी माझं भेटीचं रजिस्टर मागवलं. दर महिन्याला प्रत्येक वाडीला जायचं, गरोदर बायका तपासायच्या, तारीख घालून लिहायचं, हे माझं काम. त्यांनी जानेवारीचं पान उघडलं आणि कपारवाडीवर बोट ठेवलं. 'ता. १८. भेट दिली. गरोदर दोन. तपासल्या. ठीक.'

"अठराला उतरला होतात तुम्ही?"

"लिहिलंय ना तिथे."

"पायावर सूज नव्हती?"

"असती तर लिहिली नसती का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "बरं. तुम्ही लिहिलंय तेच मी वर पाठवतो."

हा टोमणा मला कळत नाही असं त्यांना वाटतं की काय! जीप स्वतः पळवायची आणि माझी वही तपासायची. मी पुणतांब्याची आहे, गोदेच्या काठची. कुणाच्या डोळ्याला डोळा देऊन बोलायला मी घाबरत नाही.

रजिस्टराबद्दल इथे आणखी काही लिहायचं नाही.

रविवार, ४ मार्च

आज कड्यापर्यंत चालत गेले. खाली उतरले नाही. ती वाट माणसांची नाहीच. डिसेंबरात तिथे माझा पाय सुटला होता. बाभळीच्या बुंध्याला अडकले म्हणून वाचले, हातातली पेटी खाली जाऊन फुटलेली ऐकली. अजून कधी कधी डोळे मिटले की तो आवाज येतो. सरकारने अशा वाटेवरून बाईमाणसाला पाठवावंच का?

वरून नदी बघत बसले. नदी कसली! दोन वर्षं पाऊस नाही, पात्र हाडासारखं पांढरं पडलंय. दोन्ही अंगांना काळे कडे, मध्ये वाळू आणि गोटे, पाण्याचा थेंब नाही. बघता बघता डोक्यात आलं की हा रस्ताच आहे. शिरूरच्या सडकेचा पूल इथून सात-आठ मैलांवर. पुलापाशी जीप पात्रात उतरवली तर वळणावळणाने थेट कपारवाडीच्या दारात जाईल. नदी वाहती असती तर जमलं नसतं. दुष्काळाने एवढं एक दिलंय, तेही कुणी घ्यायला तयार नाही.

परत येऊन नूरुद्दीनभाईंना सांगितलं. मिलिटरीत बारा वर्षं गाडी चालवलेला माणूस, राजस्थानच्या वाळवंटात काढलेली. मला वाटलं उडी मारतील. त्यांनी विडी पेटवली. "बाई, पात्र बघितल्याबिगर मी काय बोलनार न्हाई. वाळू वरून गुळगुळीत दिसती, पर आत काय हाय ते चाकाला कळतं."

"म्हणजे नाही म्हणताय."

"न्हाई म्हनलो न्हाई. बघू म्हनलो."

बघू! या देशात बघू म्हणतच माणसं मरतात.

शुक्रवार, १६ मार्च

डॉक्टरांना अर्ज दिला. जीप, चालक, एक दिवस, कपारवाडी, औषधे, दूध पावडर आणि सुकडीची पोती. त्यांनी वाचला आणि विचारलं, "ॲक्सल तुटला तर? तालुक्यात ही एकच जीप चालू आहे. पटकीची साथ आली तर मी कशात जाऊ?"

"मग मीटिंगला जाताना ॲक्सल तुटत नाही वाटतं?"

"त्या दिवशी मी लस आणायला गेलो होतो, बाई."

"दुसऱ्या दिवशीही आणता आली असती."

यावर त्यांनी नजर अर्जावर नेली. मी जिंकले असं वाटलं, पण काही केल्या आनंद झाला नाही. म्हणाले, "नीट आखून आणा. कुठे किती वाळू, कुठे खडक, कुठून परत फिरता येईल. मग बोलू."

आखून आणते! आखूनच आणते.

रविवार, २५ मार्च

पुलापासून पायी निघालो, मी आणि नूरुद्दीनभाई. कपारवाडीकडून सहादेव आला आणि अर्ध्यात भेटला. सात मैल, सकाळी सहा ते अकरा. मी वहीत नकाशा काढत होते. पहिले दोन मैल जाड वाळू. मग डुकराच्या पाठीसारखा खडक, त्याच्या डाव्या अंगाने जीपची रुंदी जेमतेम बसते. नूरुद्दीनभाईंनी विणलेली दोरी आणली होती, गाडीच्या मापाच्या गाठी मारलेली. ती लावून बघितली, एक वीत उरते. पुढे घळ अरुंद होते, दोन पुरुष उंचीचे कडे अंगावर येतात, सावली पडते म्हणून तेवढं बरं. चौथ्या मैलावर गोटेच गोटे. तिथे ते खाली बसले आणि एकेक गोटा हलवून बघू लागले.

"हे धा-बारा काडावं लागतील."

सहादेव म्हणाला, "आमी काडतो. वाडीतली मानसं लावतो. दुष्काळी कामावर खडी फोडतोच की."

या माणसाची बायको मरून महिना झालाय. माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तुमी आमच्यासाटी लई करताय."

मी त्याच्यावर खेकसले. "उपकाराची भाषा माझ्याजवळ बोलू नकोस." तो ओशाळला. नूरुद्दीनभाई माझ्याकडे बघत राहिले. का चिडले ते मलाच ठाऊक नाही. ऊन फार होतं.

वाडी लांबून दिसली. पुढे गेले नाही. काम पुलाकडून मोजायचं होतं, ते झालं होतं.

गुरुवार, ५ एप्रिल

काल पाडवा. पुणतांब्याहून आईचं पत्र आलंय, बदली मागून घे, इकडे ये. मी ते फाडून टाकलं. सगळ्यांना वाटतं मी इथून पळावं.

आज यादी केली. दोन स्टेपन्या, जॅक, जॅकखाली ठेवायला फळी, चाकाखाली टाकायला चार लांब फळ्या आणि गोणपाट, दोन फावडी, शंभर फुटी दोर, रेडिएटरसाठी पाण्याचे तीन कॅन, पिण्याचे दोन, फॅन बेल्ट, हवा भरायचा पंप. वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा निम्मी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि चाक रुतत नाही, हे नूरुद्दीनभाईंनी सांगितलं. खडकावर पोचलं की परत भरायची, हातपंपाने. मी म्हटलं, यात अर्धा दिवस जाईल. ते म्हणाले, "जाऊ द्या की. मागं ऱ्हायलेली गाडी काडायला दोन दीस जात्यात."

प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे उत्तर आहे आणि प्रत्येक उत्तरात उशीर आहे. मी वैतागून म्हटलं, "तुम्हाला जायचंच नाहीये."

ते शांतपणे म्हणाले, "बाई, मला गाडी न्यायची हाय. तुमाला कायतरी दुसरंच न्यायचं हाय. काय ते मला म्हाईत न्हाई. पर त्याच्यापायी घाई नगा करू."

दिवसभर हे वाक्य माशीसारखं घोंघावतंय. मला काय न्यायचंय? दूध पावडर न्यायचीय!

शनिवार, १४ एप्रिल

डॉक्टरांनी सगळा आराखडा वाचला. नकाशा दोनदा बघितला. खाली लिहिलं, 'वाहन रस्ता सोडून पात्रातून नेण्यास परवानगी. जबाबदारी माझी. – लोंढे.'

मला वाटलं होतं जबाबदारी माझ्यावर ढकलतील. त्यासाठी मी भांडण तयार ठेवलं होतं. आता ते भांडण घेऊन कुठे जाऊ?

बुधवार, २ मे

उद्या निघायचं. गोटे काढून झालेत असा सहादेवचा निरोप. संध्याकाळी डॉक्टरांनी प्रेशरचं यंत्र माझ्या टेबलावर आणून ठेवलं, स्वतःचं. "बनुबाईचं आठवणीने बघा. रजिस्टरात दुसरी गरोदर तीच आहे ना?" मी हो म्हटलं. ते गेल्यावर यंत्राचा रबरी फुगा दाबून बघत बसले. दिवा लावायचंही सुचलं नाही. फार काम झालंय या दिवसांत.

गुरुवार, ३ मे

लिहिते. सगळं लिहिते.

सहाला पुलापाशी पात्रात उतरलो. हवा काढली. नूरुद्दीनभाईंनी फोर व्हील टाकलं, लो गियर, आणि एकदाही न थांबता, एकदाही जोर न करता दोन मैल वाळू पार केली. स्टिअरिंग दोन बोटांनी धरलं होतं. खडकाच्या अंगाने जाताना मी उतरून पुढे चालले, ते माझ्या हाताकडे बघत इंच इंच आले. मडगार्डला एक ओरखडा, बस. गोट्यांच्या जागी मागचं चाक रुतलं, फळ्या टाकल्या, अर्धा तास. दहा वाजता कपारवाडी. वाडीत चाक पहिल्यांदाच आलं होतं. म्हातारी माणसं बॉनेटला हात लावून बघत होती, तापलेलं होतं म्हणून हात झटकत होती. दोन बायकांनी नूरुद्दीनभाईंना ओवाळलं. मलाही ओवाळायला आल्या, मी पेटी घेऊन बाजूला झाले.

साळूबाईच्या सासूच्या, छबूबाईच्या, ओसरीवर बसून तपासायला घेतलं. सहादेव पोती उतरवत होता. बनुबाई आली, सातवा महिना. प्रेशर थोडं चढलेलं, घोट्याला बोट दाबलं तर बारीक खळी पडली. लघवी स्पिरिटच्या दिव्यावर उकळून बघितली, ती स्वच्छ होती. मीठ बंद सांगितलं, दर आठवड्याला तपासायचं सांगितलं.

ती भाबडेपणाने म्हणाली, "येवढंच बघायचं असतं व्हय? मग साळूचंबी बघितलं असतं की. तिचं पाय तर असं सुजलं हुतं. संक्रांतीपास्नं ती रोज कड्याकडं बघायची, आज बाई येत्याल, आज येत्याल."

छबूबाईने तिला गप्प केलं. "बाईंना बारा वाड्या हायेत. जमलं नसंल."

ती माझी बाजू घेत होती. तिची सून मेली आणि ती माझी बाजू घेत होती.

मी म्हटलं, "जमलं असतं. त्या दिवशी मला दुसरं काही काम नव्हतं. कड्यापर्यंत आले होते मी. भीती वाटली म्हणून वरूनच परत गेले."

सहादेवने पोतं खाली ठेवलं.

"आले असते तर सूज दिसली असती. महिनाभर आधी नगरच्या दवाखान्यात पाठवली असती. वाचली असती की नाही सांगता येत नाही. बहुतेक वाचली असती. आणि मी वहीत लिहिलं की आले होते. तपासली, ठीक आहे, असं लिहिलं."

सहादेवला ते समजायला वेळ लागला. मग त्याने विचारलं, अगदी हळू, "म्हंजी वहीत साळू ठीक हाय?"

"हो."

तो ओसरीवरून उतरला, नदीकडे गेला. छबूबाईने पदर तोंडाला लावला. नूरुद्दीनभाई जीपपाशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं सहादेव दगड घेऊन येईल. यावा असंही वाटलं.

तो आला तेव्हा हातात काही नव्हतं. नूरुद्दीनभाईंना म्हणाला, "चाचा, गाडीत तीन म्हाताऱ्या घाला, डोळं दावायला. बाईंची जागा त्यांना द्या." मग माझ्याकडे न बघता, "तुमी माझ्यासंगं कड्यानं चला."

नूरुद्दीनभाई म्हणाले, "आरं, ऊन किती हाय बघ."

"तवाबी ऊनच हुतं."

मी चपला घट्ट केल्या आणि निघाले.

अर्ध्या वाटेपर्यंत नुसते चढत राहिलो. मग एका कपारीपाशी, "हितं पयला झटका आला." वर, जिथे दगड निसटतात तिथे, "हितं झोळी आडवी धरावी लागली. ती म्हनली, मला खाली ठिवा, मी चालते." मी हातापायांवर चढत होते. बाभळीपाशी मला पाऊल उचलता येईना. त्याने हात दिला नाही. पण तो माझ्या पुढे गेला नाही की वर चढला नाही, बरोब्बर माझ्या खाली, दोन पावलांच्या अंतरावर, पाय रोवून उभा राहिला. राग एवढा होता की त्याचा श्वास मला ऐकू येत होता. "चला," म्हणाला. मी चढले.

वर सपाटीला पोचल्यावर तो तिथूनच फिरला आणि खाली गेला. साडेतीन मैल मी एकटी चालत केंद्रात आले. जीप माझ्या नंतर तासाने आली.

शनिवार, ५ मे

लेखी कबुली डॉक्टरांना दिली. 'ता. १८ जानेवारीची नोंद खोटी आहे.' त्यांनी वाचून टेबलावर पालथी ठेवली.

"मला साळूबाई गेली त्याच संध्याकाळी कळलं होतं. सहादेवला विचारलं होतं मी, जानेवारीत बाई आल्या होत्या का."

मी उसळले. "मग इतके दिवस गप्प का बसलात? मला खेळवत होतात?"

"लस दुसऱ्या दिवशी आणता आली असती, तुम्हीच म्हणालात. खरं आहे. त्या दिवशी नगरला मुलीच्या शाळेत माझं काम होतं, म्हणून तो दिवस धरला. तुमच्या वहीवर बोट ठेवताना माझा हात काही फार स्वच्छ नव्हता."

मला त्यांचा राग आला, इतका की उठून जावंसं वाटलं. मला हवी होती ती शिक्षा देण्याएवढाही हा माणूस चांगला नाही, आणि मीही नाही.

शेवटी म्हणाले, "हे वर पाठवलं तर तुम्ही निलंबित व्हाल किंवा बदली. तुमच्या जागी दुसरी यायला वर्ष जाईल. माझंही मी त्याच पाकिटात लिहून पाठवायला तयार आहे. बनुबाईला सातवा आहे. सांगा, केव्हा पाठवू?"

"मला का विचारता?"

"मग कुणाला विचारू?"

गुरुवार, १० मे

आज बनुबाईचा दिवस. जीप तयार होती, नूरुद्दीनभाई म्हणाले, "चला बाई, आता पात्र पाठ झालंय." मी त्यांना औषधं आणि सुकडी घेऊन नदीने पाठवलं आणि स्वतः कड्याने उतरले. महिन्याभरात पाऊस लागला तर नदीतला रस्ता जाणार, ही वाट तेवढी राहणार. उतरताना दोनदा बसावं लागलं. एकदा रडले, भीतीने.

सहादेव आणि आणखी चौघे, निसटत्या दगडांच्या जागी पहारीने पायऱ्या खोदत होते. दुष्काळी कामात ही वाट धरून घ्या म्हणून डॉक्टरांनी तालुक्याला लिहिलं होतं म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी सहादेवपाशी थांबले. कबुलीचं सांगितलं. "पाठवायला सांगू का? तू म्हणशील तसं."

त्याने पहार मारायची थांबवली नाही. तीन-चार घाव घातल्यावर म्हणाला, "पाठवलं म्हंजी तुमी जानार?"

"हो. बहुतेक."

"म्हंजी तुमी सुटला."

पहारीचा आणखी एक घाव पडला.

"बनूचं होऊ द्या. दर आठवड्याला हितनं उतरायचं. मग पाठवा. मी सांगतो तवा पाठवा." मग पहिल्यांदा त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत माफी नव्हती, आणि ती मी मागितलीही नव्हती. "आता बाजूला व्हा, चिपा उडत्यात."

बाजूला होऊन पुढे उतरले.

बनुबाई, तीस आठवडे. प्रेशर १३०/८०. सूज कमी. लघवी स्वच्छ. पोर पोटात चांगलं हलतंय. छबूबाईने ताक दिलं, तिच्यासमोर बसून प्यायले, तिने माझ्याकडे न बघता भांडं उचललं. परत चढायला एक तास दहा मिनिटं लागली.